नाकाच्या शेंड्यावरचा गेरू

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा गेरू पुसला. खाली दोन फोड होते. ते पाहून बाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. डॉक्टर उभ्याउभ्या बोलत असतील तोवर ठीक. ते बसले की आपण घाबरावं, एवढं मी दवाखान्यातल्या नोकरीत शिकलो होतो.

"हर्पीस झोस्टर ऑफ्थॅल्मिकस," त्या म्हणाल्या. "नागीण आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ही नुसती कपाळाची नाही. नाकाच्या शेंड्याला जी नस जाते, तिचाच फाटा डोळ्याच्या आत जातो. शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका आहे असं धरून चालायचं."

"डोळा जाईल का?"

"आज सांगता येत नाही."

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याला समोर माणूस उभा आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. नोकरी, वाचन, रस्ता ओलांडणं, सगळं उजव्याच्या जिवावर. नागीण उजवीकडे होती.

सुरुवात साधी झाली. भांग पाडताना उजवीकडची कातडी भाजल्यासारखी झाली. डोकं ठणकू लागलं. मग कपाळावर फोड उठले. नेमकी त्याच वेळी राहुरीकडच्या खेड्यातून माझी आत्या आलेली होती. तिने सहाणेवर गेरू उगाळला आणि कपाळ, भुवई, थेट नाकाच्या टोकापर्यंत लेप दिला.

"तोंड आन् शेपूट मिळू द्यायचं न्हाई, रंग्या. मिळालं की मानूस संपलं."

"आत्या, हा कांजिण्यांचाच विषाणू. अंगात दडून बसतो आणि पुन्हा उठतो."

"आसंल. त्याला बी गेरू चालतो."

मी बरंच वाचलेलं आहे. दुखण्यात त्याचा उपयोग होत नाही. मी मुकाट्याने तोंड पुढे केलं.

कातडीच्या डॉक्टरांनी कपाळ धुऊन पाहिलं. नाकाला मी हात लावू दिला नाही, इतकं ते झोंबत होतं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं: हर्पीस झोस्टर, कपाळ, उजवी बाजू. मलम दिलं, आठवड्याने यायला सांगितलं. त्यांना दोष देत नाही. गेरूखालचं कोण लिहिणार?

केसपेपर हा माझा धंदाच. नगरातल्या एका दवाखान्यात मी रेकॉर्डचा कारकून आहे. सुटी मिळालेल्या रुग्णाचा कागद माझ्या टेबलावर येतो. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, जाड पुस्तकात त्याचा ठरलेला आकडा शोधायचा आणि कोपऱ्यात टाकायचा. डॉक्टरांनी डोळा लिहिला असेल तर डोळ्याचा आकडा, नसेल तर नुसत्या नागिणीचा. कारकुनाने अंदाज करायचा नसतो. माझ्या कागदावर डोळा नव्हता, म्हणून मीही तो धरला नाही. पापणी सुजून मिटली तरी ती कपाळाचीच सूज म्हणत राहिलो. उजेड सुईसारखा टोचायला लागला तेव्हा डोळ्यांच्या ओपीडीत गेलो.

अशा आजारांच्या कागदांवरची शेवटची ओळ मला पाठ होती: बुबुळावर पांढरा डाग, दृष्टी नाही. ही ओळ मी सुंदर अक्षरातही वाचली आहे आणि गिचमिड अक्षरातही. अक्षराने फरक पडत नाही.

बाईंनी मला दाखल करून घेतलं. केराटायटिस झालं होतं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेला सूज. अॅट्रोपिनचे थेंब सुरू झाले. त्या थेंबांनी बाहुली मोठी राहते, आतले भाग एकमेकांना चिकटत नाहीत. पण जवळचं काही दिसत नाही. त्यामुळे औषधाने दिसत नाही की डोळाच गेला, हे कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी मी स्वतःचा तळहात तोंडासमोर धरायचो. रेषा नव्हत्या. नुसतं पीठ.

शेजारच्या खाटेवर दुष्काळी कामावरचा एक माणूस होता. खडी फोडताना कपची उडून डोळ्यात गेलेली. माझं ऐकून म्हणाला, "मला सरकारी खडी लागली, भाऊसाहेब. तुमाला घरची नागीन. तुमीच लई श्रीमंत."

मी हसलो तर कपाळातून कळ गेली. मग तो हसला.

एकदा बाहेरगावचे मोठे डॉक्टर आले. त्यांच्या आधी चादरी बदलल्या, फिनाईल आलं, मागून पाच-सहा पांढरे कोट आले. माझी पापणी उचलून ते म्हणाले, "इंटरेस्टिंग केस." आयुष्यात प्रथमच मी कुणाला तसा वाटलो. पुढे काही विचारायच्या आत मिरवणूक निघून गेली.

उत्तर बाईंनीच दिलं. डोळ्यात रंग घालून, फटीतून यावा तसा उजेड टाकून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"डाग राहील. पण तो बाहुलीच्या खालच्या बाजूला आहे, मधोमध नाही. दिसण्याच्या आड येणार नाही."

थेंब बंद झाले, बाहुली पूर्ववत झाली. बाईंनी माझाच केसपेपर समोर धरला. "वाचा."

"नाकाच्या शेंड्यावर फोड. उजवा डोळा..." पुढचे शब्द काही दिसेनात. ते मात्र डोळ्यात आलेल्या पाण्यामुळे. डॉक्टरांचं अक्षर लावणं ही दृष्टीची फार कठोर परीक्षा आहे. मी पास झालो.

आत्या भेटायला आली तेव्हा बाईंनी तिला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता गेरूवर व्याख्यान. बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला लावायचा तर लावा. पण आधी नाकाचा शेंडा बघा. तिथं फोड दिसला तर गेरू ठेवा आणि एसटी धरा."

"आदी सांगायचं न्हाई का मंग," आत्या म्हणाली.

तुमच्यापैकी कुणाच्या कपाळावर नागीण उठली तर एवढंच करा. नाक धुऊन डॉक्टरांना दाखवा, डोळ्याचं विचारा, आणि तो कागदावर लिहिला गेला का तेही पाहा. भुवई मला अजून ठणकते. थंडीत जास्त. ते मी आता फार मनावर घेत नाही.

पुढे काही महिन्यांनी आत्याच्या गावच्या एका बाईचा कागद माझ्या टेबलावर आला. दाखल झाल्या दिवशीच लिहिलं होतं: कपाळावर गेरू, नाक स्वच्छ धुतलेले, शेंड्यावर एक फोड, डोळा तपासला, काचेला किंचित सूज. मी घाईघाईने पानं उलटली, पण शेवटच्या पानाशी थांबलो. चष्मा पुसला. मग वाचलं: दृष्टी चांगली.

पुस्तक काढून मी डोळ्याचा आकडा टाकला.