आक्काचा कांदा आणि माझं आभाळ

चहा आधी ओता बाबांनो, कारण ऐकून झाल्यावर माझ्या वाट्याला येईल असं वाटत नाही. या मे महिन्यात मी जी माती खाल्ली ना, ती अजून दातांत कचकचते आहे!

मी वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहणारा नोकरदार माणूस. छंद एकच, ढग बघायचा. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की मोबाईलवरच्या त्या रंगीत भोवऱ्यांपुढे मला जेवणसुद्धा सुचत नाही. आता एवढं ज्ञान झाल्यावर ते कुणाच्या तरी डोक्यावर ओतायला नको?

माझी थोरली बहीण, आक्का, निमगाव केतकीला दिलेली. तिच्या रानात कांदा काढून, पात कापून, ढीग घालून ठेवलेला. लगीनसराईत वखारीत भरायला बायका मिळेनात. कोरडा राहिला तर दिवाळीपर्यंत टिकणार, भिजला की सडणार. थंडीत चिखलात वाकून तिनं तो लावला होता.

मी रोज फोन करायचो, "आक्का, आज नक्की! झाकून घे!" ती बिचारी झाकायची. दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखे फुगायचे, गडगडायचे आणि कुठंतरी इंदापूरला पडून मोकळे व्हायचे. निमगावात टिपूस नाही! ताडपत्रीखाली कांद्याला मात्र घाम फुटला. दाजींना तर विषयच मिळाला.

"काय पाव्हणं, समुद्र आटला काय तुमचा?"

बोचलं हो! रविवारी मी स्वतःच गाडी काढली. नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. थेट रानात नेऊन ढिगाशेजारी उभी केली. दाजी बाजाराला गेले होते. मोबाईलवर पाहिलं, तर भोवरा चक्क ओमानकडे वळलेला.

"आक्का, काढ ताडपत्री. वारं लागू दे कांद्याला. सिस्टीम लांब गेली."

"आरं, पण बारामतीकडं बघ की. काळंभोर आलंय. गार वारं बी सुटलंय."

"ते बघायला मी आहे ना?"

"तू शिकल्याला हायस बाबा," ती म्हणाली. "तूच काढ."

काढली. पश्चिमेचा ढग वर जाऊन ऐरणीसारखा पसरला होता. असा ढग म्हणजे गारा, हे मीच नातेवाइकांच्या ग्रुपवर समजावलं होतं. मग आठवायला नको? पण मी मोबाईल बांधावरच्या दगडाला टेकवून त्याच ग्रुपला व्हिडिओ कॉल लावत होतो. "घाबरू नका मंडळी, हा आपल्याकडे येत नाही!"

धाडकन वीज कोसळली. पाठोपाठ बोराएवढ्या गारा!

"बाळू, टाक! टाक लवकर!" आक्का ओरडली.

ताडपत्री माझ्याच हातात होती. मी धावलो, टोकं ओढली, वर दगड ठेवले. मोठं काम केल्यासारखं मागे वळून पाहतो, तर आक्का ढिगावर रिकामी पोती पसरत होती.

मी गाडी झाकली होती.

विचार करून नाही हो! विचार करून केलं असतं, तर निदान काहीतरी कारण सांगता आलं असतं. हातच तिकडे गेले. आणि मोबाईल? तो सगळ्या नातेवाइकांना हे दाखवतच होता.

पाऊस थांबला तेव्हा कांद्याखालून पाणी वाहत होतं. आक्का चिंब. मला वाटलं, आता शिव्या देईल. देऊ दे, देवा, एकदाच्या देऊ दे! तिनं पदर पिळला आणि अगदी काळजीनं विचारलं,

"गाडीला काय लागलं न्हाय ना रं?"

एखादी गार डोक्यात बसली असती तर बरं, असं वाटलं मला.

कांदा निम्म्याहून जास्त सडला. दाजी चारचौघांत माझी सालं काढतात, ते एक वेळ परवडतं. आक्का मात्र आता पावसाचं मला विचारत नाही. उलट आभाळ भरून आलं की तिचाच फोन येतो.

"बाळू, ढग आल्यात रं. गाडी झाकलीस का?"