सालाची रोपं

चेतना रामटेके रायपूरच्या एका वनसंशोधन केंद्रात काम करते. वडील देवीदास रेल्वेतून निवृत्त झाले, आई गेली, आणि आता घरात बापलेकच. नातेवाइकांना तिचं काम सांगायची वेळ आली की देवीदास म्हणायचे, "पोट्टी झाडं लावते सरकारची." चेतना हसून सोडून द्यायची.

खरं तर तिला चिंता होती साल वृक्षाची. सालाचं बी झाडावरून पडलं की आठवडाभरातच मरतं. तेवढ्यात जमीन ओली झाली पाहिजे. आताशा पाऊस लांबलाय आणि उन्हाळा वाढलाय. महासमुंदकडच्या जंगलात तिनं पाहिलं होतं, मोठाले साल उभे आहेत, पण त्यांच्या खाली त्यांचं एकही पोर नाही. तिनं ठरवलं की जिथं जास्त तापतं, पाणी कमी, तरी साल तग धरून आहे, अशा भागांतून बी आणायचं, इथल्या बियांशेजारी लावायचं आणि कोण टिकतं ते बघायचं.

जंगलाच्या कडेला कुंपण घालून तिनं प्लॉट केला. मदतीला गावातली फुलेश्वरी, गोंड बाई, रोजंदारीवर. निंदणी, पाणी, जनावरं हाकलणं, सगळं तीच बघायची. सालाचं रोप मोठं विचित्र. दर उन्हाळ्यात वरची काडी वाळून जाते, मुळं तेवढी जिवंत राहतात आणि पावसात पुन्हा फुटतात. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एखाद्या वर्षी काडी वाळत नाही, आणि तिथून झाड वर जायला लागतं. चेतना त्या वर्षाची वाट बघत होती. मधल्या काळात तिच्यासाठी आलेली दोन स्थळं परत गेली, सोबतचे लोक बदलून गेले. ती मात्र दर महिन्याला जीप काढून प्लॉटवर जायची.

गेल्या मार्चमध्ये फुलेश्वरीचा फोन आला. तापलेल्या भागातून आणलेल्या बियांची रोपं तशीच हिरवी उभी होती. बाजूची इथली रोपं वाळायला लागली होती. चेतना दुसऱ्याच दिवशी गेली, एकेका रोपाजवळ उकिडवी बसली. फुलेश्वरी म्हणाली, "दीदी, ए मन अब नइ मरय." आता ही मरायची नाहीत.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. मोहफुलं पडायचे दिवस होते. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, पिढ्यान्‌पिढ्या जाळत आले. फुलेश्वरीनंही आपल्या मोहाखाली जाळला, नेहमीसारखा, सकाळी, आग आवरायला झाडाची फांदी हातात घेऊन. पण मार्चमध्येच मे महिन्यासारखं तापलं होतं. वारा उठला. आग बांध ओलांडून जंगलात शिरली आणि कुंपणापलीकडे गेली. फुलेश्वरी फांदीनं झोडपत राहिली. तिचे दोन्ही तळहात भाजले.

चेतना पोचली तेव्हा प्लॉट काळा होता. फुलेश्वरी हाताला फडकं गुंडाळून बसली होती. "आगी मंय लगाए हंव, दीदी," ती म्हणाली.

"कुणाला सांगितलंस?"

तिनं वनखात्याच्या बीटगार्डला सांगून टाकलं होतं. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं तिच्या नावावर गुन्हा नोंदवला, ते त्याचं कामच होतं.

साधं जंगल जळलं असतं तर दंड भरून प्रकरण मिटलं असतं. पण हा संशोधनाचा प्लॉट, सरकारी मालमत्तेचं नुकसान. प्रकरण कोर्टात गेलं. चेतना तिचे प्रमुख भार्गव सर यांच्याकडे गेली.

"सर, नुकसान कमी दाखवता येणार नाही का?"

"कमी कसं दाखवणार? या प्लॉटचं महत्त्व तूच दरवर्षी लिहून दिलंयस. मीच त्यावर सह्या केल्यात." त्यांनी समोरची फाइल मिटली. "आणि प्रोजेक्टची मुदत या वर्षी संपते. वाढवून मिळणार नाही. मी विचारून बघितलं."

घरी ताट समोर घेऊन ती नुसतीच बसली. देवीदासांनी विचारलं, "काहून जेवून नाही राहिली? तू पुन्हा लाव ना रोपं."

"बाबा, पुन्हा लावली तर काडी टिकेपर्यंत मीच रिटायर होईन."

देवीदासांनी तिच्या ताटात भाजी वाढली, ती तशीच राहिली.

पावसात काही रोपं मुळापासून फुटली. चेतना एकदा जाऊन बघून आली. पण आग कुठं जास्त लागली होती, कुठं वरवर. कोणतं रोप बियाणाच्या गुणानं जगलं आणि कोणतं नुसतं नशिबानं, ते आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. रायपुरात तिला रस्त्याकडेच्या लागवडीचं काम दिलं गेलं.

फुलेश्वरीला जामीन मिळाला. तारखेला मजुरी बुडवून तिला तहसीलच्या कोर्टात यावं लागतं. चेतनाही जमेल तेव्हा रजा टाकून जाते. वकील म्हणतो, तुमचं येणं बरं नाही, तुम्ही तर नुकसान झालेल्या पक्षाच्या. तरी ती जाते, व्हरांड्यात फुलेश्वरीच्या बाजूला बसते. तिच्या तळहातांची कातडी आता गुलाबी आणि ताणलेली आहे, मूठ पुरती मिटत नाही.

मागच्या तारखेला फुलेश्वरीनं हळूच विचारलं, "पौधा मन फूटिन का, दीदी?"

"हव," चेतना म्हणाली. "फुटलेत बरेच."

फुलेश्वरीचा चेहरा उजळला. त्या फुटण्याचा आता काही उपयोग नाही, हे चेतनाच्या ओठांवर येऊन थांबलं. आतून शिपायानं फुलेश्वरीचं नाव पुकारलं. न्यायाधीश साहेब आले नव्हते. पुढची तारीख घेऊन दोघी बसस्टँडकडे चालू लागल्या.