रोलरांवर चढवलेली मोटार

माझ्या दिरांनी अकोल्यात शर्यतीची मोटार आणली. तिच्यात किती ताकद आहे हे पाहायला त्यांनी जिनिंगच्या शेडमध्ये तिची मागची चाकं लोखंडी रोलरांवर चढवली, पट्ट्याने ते रोलर सरकी काढणाऱ्या यंत्रांना जोडले आणि मोटार दोरखंडाने खांबाला बांधली. एकेक यंत्र फिरायला लागलं, तशी पायाखालची जमीन थरथरू लागली. दोरखंडाचा पीळ सुटताना मला दिसला.

"भाऊजी, बंद करा! दोर तुटून राह्यला!"

भाऊजींनी हसत हसत आणखी वेग दिला.

दोर तुटला आणि मोटार उसळून समोरच्या भिंतीत घुसली. भाऊजी वाचले, पण त्यांचा एक पाय कापावा लागला. इस्पितळात शुद्धीवर येताच त्यांनी मला विचारलं, "वहिनी, किती यंत्रं फिरली?"

मला त्या प्रश्नाचीच जास्त धास्ती वाटली.