बावीसचे वीस

मुंबईत मी सहा वर्षं दातांची डॉक्टर होते. लंडनजवळ क्रॉयडनला आल्यावर इथली परीक्षा पहिल्या खेपेला नापास झाले आणि एका इंग्रज डेंटिस्टकडे नर्स म्हणून लागले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. माझा तोरा मात्र डॉक्टरणीचाच. त्यांनी मागितलेलं इन्स्ट्रुमेंट हातात देताना मनातल्या मनात मी त्यांच्या प्रत्येक कामाला मार्क द्यायचे.

नवरा हॉस्पिटलमधून दमून यायचा. मी कुरकुर सुरू केली की म्हणायचा, "अगं, तिथे तू नर्स आहेस ना? मग नर्सचा जॉब कर, घरी येऊन एक्झॅमचा स्टडी कर आणि विषय संपव." त्याचं बरोबर होतं, म्हणून आणखीच राग यायचा.

एकदा एका बस ड्रायव्हरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल चाललं होतं. मूळ आतून साफ करायच्या बारीक सुईला रबराची चकती असते. ती ठरलेल्या मापावर सरकवली की सुई तेवढीच आत जाते. मूळ भरायची कांडीही त्याच मापाने कापायची. ही दोन्ही कामं माझी. एक्स-रे बघून डेंटिस्टनी माप सांगितलं, बावीस मिलिमीटर. मला वाटलं, एक्स-रेत दात ताणलेला दिसतोय, वीसच असणार. पण बोलले नाही. गुपचूप वीसवर लावलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून दात भरला.

शेवटचा एक्स-रे धुवायला मी डार्करूममध्ये गेले. ओली फिल्म लाल दिव्यासमोर धरली. मुळाच्या टोकाशी दोन मिलिमीटर रिकामे. तिथे जंतू राहणार, पू धरणार, आणि आधीच घाबरलेला तो माणूस पुढचा दात गमावणार. गप्प राहिले असते तर दोष त्यांच्या हाताला लागला असता. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि परीक्षेसाठी हवं असलेलं त्यांचं शिफारसपत्रही.

बाहेर येऊन फिल्म त्यांच्या हातात दिली आणि हळूच सगळं सांगून टाकलं. ते लालबुंद झाले. पण पेशंटकडे वळून एवढंच म्हणाले, "फिलिंग आखूड पडलंय. मी माप तपासायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात काढून परत भरतो."

पेशंट गेला. मी एप्रन काढायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "वीस का वाटलं?"

मी एक्स-रेचा कोन, लांबलेली सावली, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होऊ शकतं. इथे झालं नव्हतं. पण पेशंटच्या तोंडात गुपचूप स्वतःचं खरं करायचं नाही. शंका आली की माझ्याशी भांडायचं, तिथल्या तिथे."

या देशात दोन वर्षांत मला कुणी 'का' असं विचारलंच नव्हतं. मी परत डार्करूममध्ये गेले आणि पोटभर रडले. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढच्या आठवड्यात बस ड्रायव्हर खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. त्यांनी फिल्म आणि पट्टी माझ्यापुढे केली. मी मापलं आणि मोठ्याने बावीस म्हणाले. तेव्हा ते त्याच्याकडे वाकून म्हणाले, "घाबरू नका. आज तुमचा दात दोन डेंटिस्ट मिळून भरतायत."