दोराचं दुसरं टोक

अख्ख्या नागपूर जिल्ह्यात माझ्या मामाइतका भित्रा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. लोक पालीला भितात, अंधाराला भितात, बायकोला भितात. मामा या सगळ्यांना भितोच, वर पंख्याखाली झोपत नाही, लिफ्टमध्ये चढत नाही, आणि घशात काटा अडकेल म्हणून मासोळी सोडली ती सोडलीच, भाजीतलं वांग्याचं देठही सोडलं. उन्हाळ्यात तो दोन खिशांत दोन कांदे घेऊन फिरतो. उन्हाची लू लागू नये म्हणून एक कांदा आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात. दुसरा कशाला, असं विचारलं की म्हणतो, “पहिला सडला तं?”

उमरेडला घरचा हातमाग बंद पडल्यापासून मामा नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात नोकरी करतो आणि रोज एसटीने ये-जा करतो. गाडीत चढला की आधी ड्रायव्हरचे डोळे निरखून पाहणार. “काय गा भाऊ, झोप झाली ना रात्री?” ड्रायव्हरने नुसती जांभई दिली तरी हा खाली उतरतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहतो. मालक उशिराबद्दल झापतो, तेव्हा याचं उत्तर ठरलेलं: “उशिरा आलो, पण आलो ना!” उमरेडजवळ कोळशाच्या खाणी आहेत. दुपारी तिथे सुरुंग उडाले की घराच्या भिंती थरथरतात. सुट्टीच्या दिवशी ती वेळ जवळ आली की मामा मांडणीवरची सगळी भांडी जमिनीवर उतरवतो आणि धमाका झाला की परत लावून ठेवतो. मामी कपाळाला हात लावते. “आजवर एक वाटी नाही पडली,” असं ती म्हणाली की हा म्हणतो, “काहून नाही पडली? मी उतरवून ठेवतो म्हणून!” यावर बोलणार काय, कपाळ?

अशा माणसाच्या हाती माझं नशीब येऊन पडलं. मी भूगोलाची विद्यार्थिनी. आमच्या सरांनी उन्हाळ्याचं काम दिलं होतं: खाणीजवळच्या गावांतल्या विहिरींचं पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं. ज्याचं काम चोख होईल, त्याला हिमालयात हिमनदीचा अभ्यास करणाऱ्या तुकडीत जायला मिळणार होतं. बर्फ मी तोवर फक्त रसवंतीवर पाहिला होता. मला जायचंच होतं! पण नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरात आईचा हुकूम सुटला, “मामा सोबत असेल तरच विहिरीजवळ जायचं. आणि हिमालयाचंही तोच ठरवेल.” म्हणजे झालंच की कल्याण.

मामाने दुकानातून सुट्टी काढली. पहिल्याच विहिरीवर मी वाकून टेप खाली सोडली, तर हा मागून किंचाळला. “तू वाकून राहिली अन् गोळा माह्या पोटात येऊन राहिला वं!” मग त्याने पिशवीतून दोर काढला. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं स्वतःच्या. आता मामाचं वजन म्हणाल, तर ओल्या टॉवेलाइतकं. एकदा सर काम पाहायला आले, त्यांना हसू आवरेना. “अहो, दोर झाडाला बांधा. ही पडली तर तुम्हीही जाल ना सोबत!” मामा हसला नाही. “झाडाले काय पडली हो हिची?” तो म्हणाला आणि गाठ पुन्हा ओढून पाहिली. गावोगावी लोक ही जुंपलेली जोडी बघायला जमायचे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटची विहीर खाणीच्या अंगाला होती, कठडा नसलेली. “चाल वं पोरी, सुरुंगाची वेळ झाली,” मामा मागून पुटपुटत होता. “एकच मिनिट, मामा,” मी म्हणाले, आणि तेवढ्यात सुरुंग उडाला. पायाखालचे दगड सुटले आणि मी त्यांच्याबरोबर आत घसरले. खाली काळंभोर पाणी, आणि त्यात एकेक दगड पडल्याचा आवाज. मी मरणार, एवढंच मला कळत होतं. ती भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. मग कमरेला जोराचा हिसका बसला. वर मामा पालथा पडून काठापर्यंत फरफटत आला होता आणि पळसाच्या एका बुंध्याला पाय अडकवून ओरडत होता, “सोडत नाही! सोडत नाही वं!” तसाच थरथरत, रडत, मागे मागे सरकत त्याने मला वर ओढलं. नंतर आम्ही दोघं तिथेच बसून पोटभर रडलो. त्याची कोपरं सोलून निघाली होती आणि खिशातल्या दोन्ही कांद्यांचा चेंदा झाला होता.

माझी निवड झाली. आईने मामाला बोलावून घेतलं. कोपरं गाडीतून उतरताना फुटली, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. “काय करायचं, जाऊ द्यायचं हिला?” आईने विचारलं. मामा तांब्याभर पाणी घटाघट प्यायला. विहिरीत लटकलेलं मला त्याने पाहिलं होतं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि खरं सांगते, मला रागही आला नसता.

“जाऊ दे वं ताई,” तो म्हणाला. “मी रोकलं तं पोरगी माह्यासारखीच होऊन जाईन.” मग त्याने रिकामा तांब्या पुन्हा भरून घेतला.

आता मी हिमनदीच्या पायथ्याच्या एका गावात आहे. उद्या बर्फावर पाय ठेवायचा. वरून सलग दिसणारा बर्फ आतून भेगाळलेला असतो, आणि दोर बांधायला म्हणाल तर झाड औषधालाही नाही. म्हणून इथे माणसं एकमेकांना कमरेला बांधून घेऊनच चालतात. आज सराव झाला. ही गंमत सांगायला मी मामाला फोन केला.

“गाठ नीट पाहिली ना वं?”

“हो मामा.”

“झाडाले बांधलं का माणसाले?”

“माणसाले.”

 मग त्याने हळूच विचारलं, “तो माणूस भित्रा आहे ना पण?”

माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाचा पहाडी तरुण समोर चुलीपाशी शीळ घालत बसला होता. दिवसभरात तो एकदाही दचकला नव्हता. गाठ चाचपायला माझा हात आपोआप कमरेकडे गेला.

“खूप भित्रा आहे, मामा,” मी म्हणाले. “अगदी तुझ्यासारखा.”

“मग जाय,” मामा म्हणाला.