चौथी रॅम

सर्व्हर बिघडला की गुणाजी शेलार आधी सगळ्यांना गप्प करीत. "काय झालं ते सांगू नका, मी बघतो," एवढंच म्हणत आणि स्क्रू काढायला घेत. कल्याणात टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या या माणसाचा स्वभाव तसा तिरसटच, पण हात असा की गिऱ्हाइकं बोलणी खाऊनही परत त्यांनाच बोलवीत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका रक्त तपासणी लॅबमधून फोन आला. सर्व्हर तासातासाला आपोआप बंद होऊन चालू होत होता, रिपोर्ट मधेच अडकत होते. गुणाजी पोहोचले तेव्हा मॅनेजर सोनल मॅडमनी आरोपी पकडलासुद्धा होता. खंडेनवमीला सफाईच्या मालनताईंनी सर्व्हरच्या झाकणाला हळदकुंकू लावलं होतं.

"पावडर आत गेली असणार, काका. सांगितलेलं मी, मशीनला हात लावू नका म्हणून. उद्यापासून येऊ नका सांगणारेय त्यांना."

मालनताई खडवलीहून येत. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललेलं. "मी फक्त बाहेरनं बोट टेकवलं," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

मेमरीच्या चुकांची यादीच सर्व्हरने करून ठेवली होती. गुणाजींनी चारही रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, काढल्या. एका वेळी एकच लावायची, टेस्ट चालवायची, कागदावर टिपायचं. घाईत चारही बदलून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना भारी राग. पहिली ठीक, दुसरी ठीक, तिसरीही. चौथी लावताच चुका. तीच दुसऱ्या खाचेत बसवली, तरी चुका. म्हणजे खोट खाचेत नव्हती, त्या रॅममध्येच होती.

त्यांनी ती उजेडात धरली. सोनेरी टोकांवर लाल कण चिकटले होते.

"बघा! कुंकू!" मॅडम म्हणाल्या.

गुणाजींनी ती ओळखली. ही रॅम नवी होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच बसवलेली. आणि खंडेनवमीला ती त्यांच्या दुकानात पाटावर होती, पकडी आणि स्क्रूड्रायव्हरच्या रांगेत. हत्यारांबरोबर नव्या मालाचीही पूजा करायची त्यांची पद्धत. तीही नुसत्या वेष्टनावर नाही, पाकिटातून काढून, अगदी भक्तिभावाने!

त्यांनी खोडरबराने टोकं घासली, ब्रशने झाडली, चारही रॅम बसवल्या आणि तासाभराची टेस्ट लावली. ती पुरी झाल्याशिवाय कशाला बोलायचं, अशी स्वतःची समजूत घातली. आजवर त्यांच्या कामात कुणी चूक काढली नव्हती. दाराशी मालनताई आपला डबा नि चपला पिशवीत भरत होत्या. गुणाजींना ते बघवेना, म्हणून ते सर्व्हरच्या पडद्याकडे बघत बसले.

टेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही.

"कुंकू माझं आहे, मॅडम," गुणाजी म्हणाले. "ही रॅम मी पूजा करून बसवली. झाकणाला सहा स्क्रू आहेत, यांचं बोट आत पोचणार कसं?"

मॅडमनी स्क्रू मोजून पाहिले. मग मालनताईंकडे न बघताच म्हणाल्या, "बरं, उद्या या."

आता बाई हात जोडतील, असं गुणाजींना वाटलं.

"दादा," मालनताई म्हणाल्या, "कुंकू दिसलं तेव्हाच तुम्हाला कळलेलं ना? मग तासभर मला चोरासारखं का उभं केलंत?"

आजवर माझ्या कामात कुणी चूक काढली नव्हती, हे खरं उत्तर गिळून गुणाजी झाकणाचे सहा स्क्रू एकेक करून बसवू लागले.