खदानवस्तीचं पाणी

कडूबाला पाहुण्यारावळ्यांत एकच फुशारकी मारायची सवय होती, आणि ती पाण्याची होती. लग्नकार्यात कुणी बाटलीबंद पाणी मागवलं की तो म्हणायचा, "ते कशाला? एकदा माझ्या हातचं पाणी पिऊन बघा." शहराच्या कडेकडेनं वाढत गेलेल्या वसाहतींना पाणी देणारी एक लहानशी योजना होती. तिच्या शुद्धीकरण केंद्रावर तो ऐन जवानीत लागला, तो केस पिकले तरी तिथंच. तलावाचं हिरवट पाणी आत यायचं. त्यात तुरटी किती सोडायची, गाळ खाली बसला की नाही, वाळूचे फिल्टर कधी धुवायला काढायचे, शेवटी क्लोरीन किती द्यायचं, हे सगळं त्याच्या हाती. पावसाळ्यात पाणी चहासारखं तांबूस यायचं, तेव्हा तो जेवायलाही घरी जात नसे. शुद्ध झालेलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आणि पाण्याला पिवळी झाक आली की समजायचं, क्लोरीन पुरेसं आहे. ती झाक बघितल्याशिवाय त्यानं कधी पंप चालू करू दिला नाही. माणूस फुशारक्या मारायचा, पण खोटं बोलत नव्हता.

राहायला मात्र तो खदानवस्तीत, म्हणजे योजनेच्या अगदी शेपटाला. जुन्या दगडखाणीच्या काठानं विटांची, पत्र्याची घरं, आणि वस्तीच्या तोंडाशीच सगळ्या वरच्या वसाहतींची घाण घेऊन वाहणारा नाला. आठ-आठ दिवसांनी नळ यायचा. नळाचा दिवस म्हणजे वस्तीत सणासारखी धांदल. ड्रम, घागरी, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं काम करीमभाईकडे. तो आणि कडूबा बरोबरच नोकरीला लागलेले.

केंद्रावर मोनिका मॅडम नव्या इंजिनीअर म्हणून आल्या, तेव्हा एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "काका, आपल्या गेटातून जातं ते पाणी चांगलंच असतं. पण पुढं पाइप आठ दिवस रिकामा पडतो. त्यात कुठून काय शिरतं, ते आपल्याला इथं बसून दिसत नाही."

कडूबा फिल्टर धुवायला निघून गेला. घरी येऊन बायकोला, मनकर्णाबाईला, म्हणाला, "नवी हाय पोरगी. शिकंल हळूहळू."

उन्हाळा लागता लागता त्याची लेक रूपाली पहिल्या बाळंतपणाला देवगाव रंगारीहून माहेरी आली. सातवा सरला होता. जावई गोकुळ तिला सोडून, चहा घेऊन, शेतातल्या कांद्यासाठी लगेच माघारी गेला. रूपालीनं आल्या आल्या आईला सांगितलं, "आत्याबाई म्हणल्यात, पाणी उकळूनच पी."

कडूबा बाजेवर बसला होता. तो खो-खो हसला. "तुझ्या सासूला सांग, तिची सून पाणीवाल्याची पोरगी हाय. मी गाळलेलं पाणी कशाला उकळायचं? गॅस काय फुकट येतो?"

मनकर्णाबाई म्हणाली, "पण आवं, नळाचं पहिलं पाणी जरा वास मारतंय बरं का अलीकडं."

"पहिलं सोडून द्यायचं, मग भरायचं. वस्ती सगळी हेच करती."

विषय तिथंच संपला. रूपाली माठातलं पाणी पीत राहिली. बापाचा शब्द तिला लहानपणापासून पुरेसा होता.

वस्तीत कावीळ आधी मागच्या गल्लीत दिसली. दोघं-तिघं पडले. कुणी उसाच्या रसाला नावं ठेवली, कुणी लग्नातल्या जेवणाला. कडूबानंही रसालाच नावं ठेवली. मग एका सकाळी रूपालीला उलट्या लागल्या. दिवस भरत आलेल्या बाईला होतं असं कधीकधी, म्हणून मनकर्णाबाईनं लिंबू-साखर दिली. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात सावलीला बसली असताना शेजारच्या सगीराभाभीनं तिची पापणी खाली ओढून बघितली आणि मनकर्णाबाईकडे वळून एवढंच म्हणाली, "बाई, गाडी बोलावा."

घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरनं तपासलं. डॉक्टर तरुण पोरगी होती, पण बोलणं सरळ होतं. "ही पाण्यातून होणारी कावीळ आहे. इतरांना आराम करून उतरते. पोटुशी बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, फार वाईट. लिव्हरवर गेलंय. आम्ही शर्थ करू, पण तुम्ही मन घट्ट ठेवा. पाणी कुठलं पीत होती?"

मनकर्णाबाई म्हणाली, "नळाचं."

कडूबा तिथून सरळ केंद्रावर गेला आणि औषधाची बाटली नि काचेची नळी खिशात घालून घरी आला. ड्रममधल्या पाण्यात थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं, रंग म्हणून नाही. 'साठवणीचं हाय, त्यातलं उडून गेलं असंल,' त्यानं स्वतःला समजावलं. पण त्या समजावण्यात जीव नव्हता. तो वरच्या वसाहतीत गेला. तिथं नुकताच नळ येऊन गेला होता. एका घरातलं ताजं पाणी तपासलं. तिथं स्वच्छ पिवळी झाक आली. म्हणजे केंद्र खरं, वरची वसाहत खरी. जे काय बिघडलं होतं ते त्याच्या पुढं, त्याच्या स्वतःच्या दारापर्यंतच्या तुकड्यात.

तो नळी खिशात घालून परत निघाला. त्याला कुणी दोष दिला नव्हता अजून. बायकोनं नाही, जावयानं नाही. 'गॅस काय फुकट येतो' हे शब्द मात्र त्याच्या कानात वाजत होते, आणि ते त्याच्याच आवाजात होते.

दुसऱ्या दिवशी खदानवस्तीचा नळाचा वार होता. घाटीत रूपाली आता नीट ओळखत नव्हती. असंबद्ध बोलायची, मधेच सलाइनची नळी ओढायची. देवगावहून आलेला गोकुळ तिचे हात धरून बसलेला. कडूबा उशाशी उभा राहिला, तर ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "अप्पा, तहान लागली." नर्सनं पाणी द्यायला मनाई केली होती. तो तिथून बाहेर पडला तो कुणाला न सांगता वस्तीकडे निघाला.

करीमभाई चावी घेऊन आला, तेव्हा कडूबा व्हॉल्व्हच्या चेंबरच्या झाकणावर बसला होता.

"उठ, भाऊ. टाइम झाला."

"नाय सोडायचं पाणी."

"अरे, पागल झाला का तू? लोक रिकाम्या घागरी घेऊन उभे हायत. आठ दिवस झाले."

"करीमभाई, ह्या लाइनीत घाण शिरतीय. माझी पोरगी तिकडं मरायला टेकली. आणखी किती घरात नेऊ मी हे?"

करीमभाईनं चावी जमिनीवर टेकवली. त्यालाही लेकी होत्या. पण गल्लीतून बाया आल्याच. उन्हात भाजलेल्या, चिडलेल्या. टँकर परवडत नाही, हातपंप आटलेला, खदानीतलं पाणी जनावरंही पीत नाहीत. एकीनं तोंडावर विचारलं, "तुझ्या पोरीला झालं म्हणून आम्ही तान्ही लेकरं तहानेनं मारायची व्हय?"

"मारायची नाय म्हणूनच बसलोय, माय."

"आजपर्यंत तूच सांगत व्हता ना, बिनधास्त प्या म्हणून?"

कुणीतरी त्याचा दंड धरून ओढला. सदऱ्याची बाही फाटली. तो पुन्हा जाऊन झाकणावर बसला, लहान मूल हट्टाला पेटावं तसा, आणि ढसाढसा रडू लागला. बाया जराशा मागं सरल्या. रडणाऱ्या पुरुषाशी भांडायचं कसं, ते कुणालाच सुधरेना.

तेवढ्यात मोनिका मॅडम स्कूटीवरून आल्या. करीमभाईनं फोन केला होता. त्यांनी गाडी तशीच आडवी टाकली आणि कडूबासमोर उकिडव्या बसल्या.

"काका, उठा."

"मॅडम, तुम्ही तव्हा म्हणल्या व्हत्या. मी ऐकलं नाय."

"मीही नुसतं म्हणूनच सोडलं. आता ते राहू द्या. पाणी सोडल्याशिवाय भोक सापडणार नाही. पाइप रिकामा असतो तेव्हा घाण आत जाते, आणि भरला की तिथूनच पाणी बाहेर उसळतं. आज सोडू, शोधू, आणि बुजवू. तुम्ही इथं बसून राहिलात तर पुढच्या आठवड्यातही हेच."

कडूबा उठला. मॅडमनी बायांना सांगितलं, आजचं पाणी धुण्याभांड्याला भरा, प्यायला अजिबात नको, पिण्यासाठी टँकर मागवलाय. काहींनी मान डोलावली. काही तोवर नळाकडे पळाल्याही होत्या.

करीमभाईनं चावी फिरवली. तिघं नाल्याच्या काठाकाठानं चालत गेले. पाइप नाल्याखालून जात होता, हे कडूबाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. रोज त्यावरून ये-जा होती. काळ्या पाण्यात एका जागी बुडबुडे दिसले. आधी बारीक, मग भाताला उकळी फुटावी तसे. मधोमध स्वच्छ, नितळ पाण्याचा कोंब वर येत होता आणि गटारीत मिसळत होता. कडूबानं ते पाणी ओळखलं. सकाळी त्याच्याच पाळीच्या माणसानं ते सोडलं होतं.

पाणी बंद करून ते खाली उतरले. करीमभाई कुदळीनं, कडूबा हातांनी गाळ उपसू लागला. पाइपचा सांधा निखळला होता. त्यावर कुणीतरी केव्हातरी सायकलची ट्यूब गुंडाळून वरून प्लास्टिक बांधलं होतं, ते कुजून लोंबत होतं. आता उलटा प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला. पाइप जसा रिता होऊ लागला, तसं नाल्याचं काळं पाणी गळगळ आवाज करत त्या फटीतून आत ओढलं जाऊ लागलं. कडूबानं फटीवर दोन्ही तळवे दाबून धरले. काही उपयोग नव्हता. बोटांमधून ते जातच राहिलं.

तशातच खिशातला फोन वाजला. हात काढवेनात. शेवटी मॅडमनी त्याच्या खिशातून फोन काढून कानाशी धरला.

गोकुळ होता. "मामा, बाळ झालं." मग तो कसाबसा म्हणाला, "मुलगा व्हता. रडलाच नाय, मामा."

"रूपाली?"

"हाय. मशीनवर हाय. डॉक्टर काय बोलंनात."

कडूबा तसाच गुडघाभर घाणीत उभा राहिला. करीमभाईनं त्याला बखोटीला धरून वर काढलं, काठावर बसवलं, आणि स्वतः पुन्हा खाली उतरला. काठावरच्या घरातून मघाची तीच बाई, लेकरं तहानेनं मारायची का म्हणणारी, घागर घेऊन आली. काही न बोलता तिनं त्याच्या हातांवर पाणी ओतलं, मग पायांवर. आठ दिवसांच्या तहानेनंतर मिळालेली ती घागर तिनं सगळी रिकामी केली.

सांध्याला नवी पट्टी बसली. पाइप नाल्यावरून उचलून न्यायचं मॅडमनी लिहून पाठवलं. ते काम अजून झालेलं नाही. बाळाला माती द्यायला गोकुळनं देवगावला नेलं. कडूबा गेला नाही. रूपालीजवळ कुणीतरी लागणार होतं, असं तो म्हणाला.

रूपाली वाचली. कशी, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिनं डोळे उघडून माणसं ओळखली, आणि पोटावर हात नेला. त्या क्षणी खोलीत मनकर्णाबाई होती, हे कडूबाला देवाचे उपकार वाटले. तो बाहेर जिन्यात उभा राहिला. आतून आलेला आवाज त्यानं ऐकला आणि भिंतीला टेकून राहिला.

घरी आणल्यावर ती फारशी बोलत नसे. केस गळले होते, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. कडूबा कामावर जाऊ लागला होता. दुसरं करणार काय? तुरटी सोडायची, गाळ बघायचा, फिल्टर धुवायचे. नळाच्या वारी मात्र तो रजा टाकायचा आणि काचेची नळी घेऊन खदानवस्तीत दारोदार फिरायचा. कुणी नळी पुढं करू द्यायचं, कुणी दार लावून घ्यायचं. उकळून प्या, म्हणायचा. महिनाभर लोकांनी उकळलं. मग गॅस परवडेना, आणि पाण्याला आता वासही येत नव्हता.

एकदा तो असाच फिरून आला आणि ओट्यावर बसला. रूपाली दारात होती. तिनं विचारलं, "अप्पा, तुम्ही सोडलं तव्हा ते पाणी चांगलं व्हतं ना?"

"व्हय, बाळा."

"तपासलं व्हतं?"

"तपासलं व्हतं."

ती नाल्याच्या दिशेनं बघत राहिली. तिला राग आला असता तर कडूबाला सोसला असता. त्यानं वाट बघितली. ती उठली, आत गेली, आणि आईला म्हणाली, "ह्यांना फोन लाव. म्हणावं, मला घ्यायला या. मला इथं पाणी घशाखाली उतरत नाय."